कात्रीची अक्षरं: कशी कापावीत, कुठे लावावीत

दिवाळीत किल्ल्यापुढे लावायला लहानपणी तुम्ही कागदाची पाटी कापली असेल, तर हे काम तुम्हाला निम्मं येतं. काळा कार्डशीट, आईच्या शिवणाच्या डब्यातली चोरून आणलेली कात्री, आणि 'राजहंसगड' मधला ह काही केल्या वळेना म्हणून तीन तुकड्यांत कापून चिकटवलेला. ती पाटी वाकडी होती, जाडजूड होती आणि गल्लीच्या तोंडापासून वाचता येत होती. कात्रीच्या अक्षराचं सगळं बळ या तीन गोष्टींत आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूला पाट्या, मंडळांचे फलक, संमेलनांची पत्रकं असली कामं करणाऱ्या नवख्यांसाठी हा लेख आहे. कात्री हातात धरण्यापासून ते फाइल छपाईला देण्यापर्यंत. चित्रकलेची परीक्षा दिलेली असण्याची गरज नाही. उलट सुलेखनाचा हात बसलेल्यांना सुरुवातीला हे जास्त जड जातं, कारण बोरूची सवय सुटत नाही.

आधी ओळख

छापील अक्षरांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात: मजकुराची अक्षरं आणि शीर्षकाची अक्षरं. मजकुराच्या अक्षराकडे लक्ष जाऊ नये, शीर्षकाच्या अक्षराकडे गेलंच पाहिजे. कात्रीचं अक्षर पक्कं दुसऱ्या वर्गातलं. गोलाई सलग नसते, लहान लहान सरळ कापांनी पैलू पडलेली असते. पोकळ्या बारीक आणि तिरक्या असतात. दोन उभ्या दांड्या कधी तंतोतंत समांतर नसतात.

जाड अक्षर म्हणजे कात्रीचं अक्षर, असा गैरसमज मात्र करून घेऊ नका. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा 'मोदक' नावाचा मोफत फॉन्ट उघडून बघा. तोही भरगच्च आहे, पोकळ्या जवळजवळ बुजलेल्या, पण तो वाफेवर फुगल्यासारखा दिसतो. फुगवलेलं आणि कापलेलं यांतला फरक डोळ्याला कळला की पुढचं सोपं जातं. रोमन लिपीत कापलेल्या अक्षराचं ठळक उदाहरण म्हणजे 'नॉयलँड'. जर्मन अक्षरकार रुडॉल्फ कोख याने १९२३ साली क्लिंग्स्पोर या टंक (छपाईचे खिळे) ओतणाऱ्या कारखान्यासाठी तो केला. आधी कागदावर रेखाटन करण्याऐवजी त्याने थेट धातूच्या पंचावर, म्हणजे टंकाचा साचा ठोकायच्या ठशावर, अक्षरं कोरली, त्यामुळे एका मापाचं अक्षर दुसऱ्या मापाशी हुबेहूब जुळत नाही. तो खडबडीतपणा हत्याराने दिलेला आहे, नंतर चिकटवलेला नाही.

आपणही तेच करायचं. पेन्सिलीने अक्षर काढून त्या रेघेवरून कात्री फिरवली, तर हाती येतं ते पेन्सिलीचं अक्षर. म्हणून पहिला नियम: पेन्सिल नको. घडी चालेल.

सामान

खडेबाजारातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल तेवढंच. घोटीव कागद सरावाला, काळा कार्डशीट खऱ्या कामाला, पाच-सहा इंची पात्याची कात्री, एक कटर, गोंदाची कांडी. फेव्हिकॉल पातळ असला की कागद ओढला जातो आणि अक्षर पापडासारखं वळतं, म्हणून कांडी बरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद इतका सादळतो की कात्री कापायच्या ऐवजी चावते. त्या दिवसांत कागद कपाटात, शक्य असेल तर जाड पुस्तकांच्या मध्ये ठेवा. गणपतीचं काम नेमकं याच दिवसांत येतं, त्याला इलाज नाही.

पहिला शब्द: कुंदा

'अ' पासून सुरुवात करू नका. एकेक अक्षर कापून मग शब्द जुळवणं रोमनमध्ये चालतं, कारण तिथे अक्षरं सुटी उभी असतात. आपली शिरोरेषेला टांगलेली असतात. सुटी कापून शेजारी शेजारी चिकटवली की शिरोरेषेत जोड दिसतात आणि शब्द तुटक्या कौलांच्या वळचणीसारखा दिसतो. अख्खा शब्द एका पट्टीतून कापा.

'कुंदा', म्हणजे बेळगावची ओळखीची मिठाई, हाच शब्द घ्या. दोनच अक्षरं, पण त्यात शिरोरेषा, पोकळी, शेपूट, उकार, अनुस्वार, काना असं सगळं येतं. शिवाय खोक्यावर लावायला गिऱ्हाईक इथे सापडेल.

साधारण बारा सेंटिमीटर उंचीची पट्टी घ्या. वरच्या कडेपासून दीड सेंटिमीटरवर आडवी घडी घालून उलगडा. ही घडी म्हणजे शिरोरेषेची खालची कड. उभ्या दांड्या अडीच सेंटिमीटरच्या धरा. जाड अक्षरात शिरोरेषा दांडीपेक्षा बारीकच हवी, नाहीतर शब्दावर छप्पर पडल्यासारखं वाटतं.

आता अक्षर कापायचं नाही, मधली जागा कापायची. क आणि द यांच्या मधली पाचर खालून वर घडीपर्यंत कापा. मग द आणि काना यांच्या मधली. एवढ्यावरच तीन ठोकळे शिरोरेषेला लोंबताना दिसतील. क च्या ठोकळ्याला उजवीकडून एक खोल खाच दिली की आकडा तयार होतो. डाव्या गाठीची पोकळी बंद आहे, तिथे कात्री शिरत नाही. त्या जागी कागद हलकेच दुमडा, दुमडीवर एक छोटा तिरका काप घ्या आणि उलगडा. चौकटच्या एक्क्यासारखं भोक पडतं. कटरनेही होईल, पण कटरचं भोक शिस्तीत येतं, दुमडीचं भोक कात्रीच्या भाषेत बोलतं.

द च्या पोटाला उजवीकडून एकच खाच, आणि शेपटी जरा लांब ठेवा. जाडीच्या नादात शेपटी आखूड झाली तर ट वाचला जातो आणि कुंद्याचा 'कुंटा' होतो.

उकार वेगळा कापून खालून जोडा. त्याचा आकार कोयरीसारखा घेतला तरी पुरे, आत एक खाच असली म्हणजे झालं. अनुस्वार गोल कापण्याचा आटापिटा करू नका. वाकडा चौकोन हाच कात्रीचा ठिपका. तो क च्या दांडीच्या वर, शिरोरेषेपासून सुटा दिसेल इतक्या अंतरावर चिकटवा. पहिले चार-पाच शब्द बिघडतील. फेकू नका, भिंतीवर एकाखाली एक लावा. तिसरा बहुतेक पाचव्यापेक्षा बरा निघालेला असतो.

दुसरा शब्द: खानापूर

हा शब्द दिसायला सोपा आणि कापायला वात्रट आहे. ख ची दांडी, काना, न ची दांडी, पुन्हा काना, प ची दांडी, शेवटी र. सहा उभ्या दांड्या ओळीने, म्हणजे शेताचं कुंपणच. सगळ्या सारख्या जाडीच्या कापल्या तर शब्द वाचता येत नाही, नुसते पट्टे दिसतात. एक दांडी खाली निमुळती करा, दुसरी वरून, तिसरी किंचित डावीकडे झुकवा. एक काना बाकीच्यांपेक्षा अर्धा सेंटिमीटर खाली उतरू द्या. अक्षराचा खोडकरपणा म्हणतात तो हाच, आणि तो नुसत्या गमतीसाठी नाही, वाचण्यासाठी आहे. वाकडेपणा जिथे वाचायला मदत करत नाही तिथे तो काढून टाकावा, असं माझं मत आहे. सगळीच अक्षरं नाचायला लागली की कोणाकडेच लक्ष जात नाही.

ख चे दोन भाग खाली जोडलेले ठेवा, नाहीतर तो 'रव' वाचला जातो. खानापूरकरांना 'रवानापूर' आवडणार नाही.

घोटाळ्याच्या जोड्या

जाडी वाढवली की देवनागरीतले फरक बुजतात, आणि काही जोड्या तर टपूनच बसलेल्या असतात.

मी पहिलं पैशाचं काम केलं ते एका भजनी मंडळाच्या फलकाचं. रात्री बारापर्यंत बसून कापलं, सकाळी देवळाबाहेर लावलं. एक आजोबा काठी टेकवत आले, वर बघितलं आणि म्हणाले, "मजनी मंडळ? हे काय नवीन की!" भ ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, ती फट मी जाडीच्या नादात भरून टाकली होती. भ चा म झाला. घ आणि ध यांचंही तसंच, ध ला फट हवी, घ ला नको. ही फट नेहमीच्या अक्षरात नखाएवढी असते, कात्रीच्या अक्षरात ती दांडीच्या निम्म्या रुंदीएवढी तरी ठेवा. डोळ्याला जास्त वाटेल, लांबून बरोबर दिसेल.

ब आणि व मध्ये फरक पोटातल्या तिरक्या रेघेचा. एवढ्या जाड अक्षरात रेघ ठेवण्याऐवजी पोकळीच दोन लहान त्रिकोणांत कापा, मधली पट्टी आपोआप रेघ होते. ष आणि प यांनाही हाच उपाय. थ आणि य यांत थ च्या डोक्यावरची गाठ मोठी दाखवा.

'ऱ' चा अर्धा आकार, म्हणजे 'दऱ्या' मधला, मराठी, कोंकणी, नेपाळी सोडल्या तर फारसा कोणी वापरत नाही, त्यामुळे काही तयार फॉन्टांत तो हलगर्जीपणे केलेला असतो. तो स्वतः कापून ठेवा. त्याऐवजी रफार टाकला तर 'खानापूरच्या दऱ्या' ऐवजी खानापूरला दर्या येतो, आणि समुद्र तर घाटाखाली आहे. ल आणि श हेही मराठी वळणाचे कापा. मराठी ल ला मधे देठ आणि दोन बाजूंना पाकळ्या, त्यामुळे उभ्या घडीवर तो अर्धा कापून उलगडला की जवळजवळ तयार मिळतो. मग एका पाकळीचा थोडा भाग मुद्दाम छाटा, नाहीतर तो रांगोळीतला वाटतो.

तपासणीची एक सोपी रीत: कापलेला शब्द भिंतीला लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, डोळे बारीक करा आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. त्याला शब्द आधी सांगू नका.

कागदावरून संगणकात

इथे दोन वाटा फुटतात. एकाच शीर्षकाचं काम असेल तर तेवढा शब्द स्कॅन करून वापरा, फॉन्ट करण्याच्या भानगडीत पडू नका. काळा कागद पांढऱ्यावर सपाट दाबून ६०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलचा फोटो घाईला ठीक, पण कडेला सावली येते आणि ती सावली पुढे अक्षराची कड होऊन बसते. इंकस्केप मोफत आहे, त्यात 'ट्रेस बिटमॅप' केलं की प्रतिमेची रेषाकृती होते. मग कडेवर शेकडो बिंदू दिसतात. ते कमी करायला 'सिंप्लिफाय' दाबायचा मोह होतो. एकदा दाबा, जास्त नको, कारण ते सगळ्यात आधी कोपरेच घासून टाकतं, आणि कोपऱ्यांसाठी तर आपण कात्री घेतली. नको ते बिंदू हाताने काढा. कंटाळवाणं आहे, पण अक्षराची खरी समज मला तिथेच आली.

फॉन्ट करायचा असेल तर फाँटफोर्ज हे मोफत साधन पुरतं. पण आधी मनाशी हिशेब करा: स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, अर्धी अक्षरं, नेहमीची जोडाक्षरं मिळून दीड-दोनशे आकार तरी सहज होतात. आणि शब्द अखंड कापण्याचा आपला नियम इथे मोडावा लागतो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची उंची आणि जाडी डाव्या-उजव्या टोकाला तंतोतंत एकच हवी, मधे ती हवी तशी वाकू द्या. टोकं किंचित पुढे काढून एकमेकांवर चढवा, म्हणजे छपाईत केसाएवढी फट पडत नाही.

दुसरी अडचण जुळ्यांची. 'मामा', 'दादा', 'काका' टाइप केलं की दोन्ही अक्षरं हुबेहूब सारखी येतात आणि हातकामाचं सोंग उघडं पडतं. म्हणून क, न, र, म, त, स यांसारख्या नेहमीच्या अक्षरांचे दोन-दोन आकार आणि कान्याचे तीन-चार आकार करा. काना मराठीत सगळीकडे असतो, तो एकसारखा आला की बाकीची मेहनत वाया. ओपनटाइपमध्ये शेजारचं अक्षर बघून आकार आपोआप बदलण्याची सोय आहे, तिला 'कंटेक्स्चुअल आल्टरनेट्स' म्हणतात. शिकायला एक-दोन संध्याकाळी जातील. सगळं युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींतला मजकूर तुमच्या फॉन्टमध्ये टाकला तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

कन्नड शेजारी

आपल्या भागात पाटीचा विचार एका लिपीत करून भागत नाही. २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानांच्या आणि व्यवसायांच्या नामफलकावर ६० टक्के जागा कन्नडला आणि कन्नड मजकूर वरच्या बाजूला हवा. यावर कोणाचं काय मत आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, इथे फक्त अक्षरापुरतं बोलू. मराठीला खालचा ४० टक्के भाग उरतो. तिथे लांबलचक नाव बारीक अक्षरात कोंबण्यापेक्षा एकच शब्द जाड कात्रीच्या अक्षरात घ्या. कमी जागेत ठसा उमटवायला हे अक्षर फार कामाचं.

पण वरचं कन्नड साध्या, सडपातळ फॉन्टमध्ये आणि खालचं मराठी कात्रीचं, असं केलं की पाटी दोन दुकानांची वाटते. कन्नडही कापा. कन्नडला शिरोरेषा नाही, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर छोटी आकडीसारखी खूण, 'तलेकट्टू', असते आणि बाकी सगळी गोलाई. तिथे कात्री फिरवू नका, कात्री स्थिर धरून कागद फिरवा. गोलाईचे पैलू दोन्ही लिपींत साधारण एका मापाचे ठेवले की नातं दिसतं. कन्नड वाचता येत नसेल तर कापलेला शब्द कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून तपासून घ्या. 'मजनी मंडळ' दुसऱ्याच्या भाषेत केलं तर ते जास्त लागतं.

सांध्याची जागा विसरू नका. कन्नडची जोडाक्षरं, 'ओत्तक्षरं', खाली उतरतात आणि मराठीच्या मात्रा-वेलांट्या वर चढतात. वर कन्नड, खाली मराठी, म्हणजे दोघांची टक्कर नेमकी मधल्या पट्ट्यात होते. नवखे लोक तिथेच जागा वाचवतात. मधला पट्टा एका मात्रेच्या उंचीपेक्षा जास्त ठेवा, हवं तर अक्षरं लहान करा.

स्वतः कापायला वेळ नसेल तर तयार जोडी आहे. एक टाइपच्याच 'बलू' कुटुंबात देवनागरीचा बलू आणि कन्नडचा 'बलू तम्मा' एकाच जाडीचे मिळतात. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. गुजरातीचा बलू भाई, बंगालीचा बलू दा, मल्याळमचा बलू चेट्टन, सगळे भाऊबंदच. तो कापलेला वाटत नाही, पण खेळकर आहे, आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे धंद्याच्या कामातही बिनधास्त वापरता येतो.

कुठे लावावं, कुठे नाही

कुंद्याचं खोकं, लोणच्याची बाटली, शाळेच्या हस्तलिखिताचं मुखपृष्ठ, बालनाट्याची जाहिरात. शिवजयंतीच्या चित्ररथावर तर हे अक्षर फारच खुलतं, कारण तिथे वाचणारा गर्दीत उभा, रथ हलता आणि रात्रीचे दिवे. शब्द दोन-तीनच घ्या. अंतराचा साधा ठोकताळा असा की दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. ही उंची मात्रा सोडून, नुसत्या अक्षराची मोजा.

कडोली, येळ्ळूर, उचगाव इथल्या साहित्य संमेलनांसारख्या कार्यक्रमाचं काम आलं, तर मोठं शीर्षक कात्रीचं आणि बाकी तारीख, वेळ, पाहुण्यांची नावं साध्या मजकुराच्या फॉन्टमध्ये. पाहुण्यांची नावं कात्रीच्या अक्षरात टाकलेलं एक पत्रक मी पाहिलं आहे. अध्यक्षांचं आडनाव शोधायला दोनदा वाचावं लागलं.

श्रद्धांजलीचा फलक, दवाखाना, वकिलाची पाटी, जाहीर नोटीस इथे नाही म्हणजे नाही. जोडाक्षरांनी गच्च भरलेल्या शब्दालाही नाही: 'स्वातंत्र्योत्सव' कापून बघा, कळेल. आणि एका फलकावर कात्रीचं अक्षर एकदाच.

छपाईला देताना

कापडी फलक करायचा असेल तर मांजरपाटावर स्टेन्सिल उत्तम. कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, चौकात काय दिसतं ते सोडा. स्टेन्सिलमध्ये ब, व, क यांच्या पोटातले तुकडे सुटून पडतात, म्हणून त्यांना दोन बाजूंनी कागदाचे पूल ठेवा. पूलही तिरके कापा, म्हणजे ते अक्षराचाच भाग वाटतात. रेडियम कटिंगला देणार असाल तर सुईसारखी टोकं बोथट करा, पावसात आणि धुळीत तीच आधी उचकटतात.

डीटीपीवाल्याकडे फाइल नेताना मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांची रेषाकृती करूनच न्या. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मराठी नीट बसत नाही, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि 'निपाणी' ची ओळख पटत नाही. कर्व्ह केल्यावर दुरुस्ती होत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा. सोबत शब्दाची एक छापील प्रत द्या आणि छपाईआधीचा नमुना पडद्यावर नाही, कागदावर मागा. त्यात सगळ्यात आधी अनुस्वार मोजा. जाड अक्षरांच्या फाइलीत सुटा ठिपका धूळ समजून पुसला जातो, आणि मग तो जोडायला तुम्हाला गोंदाची कांडी घेऊन शिडीवर चढावं लागतं.